बारक्याच्या डोक्यावरचं पाणी

माय,

मावशीला सांगून टाकलं. वीस वर्षं लागली, पण सांगून टाकलं. तू जाण्याच्या तीन दिवस आधी माझं मनगट धरून जे ओझं माझ्या डोक्यावर दिलंस, ते मी मागच्या आठवड्यात तिच्या ओसरीवर उतरवून आले. तेव्हापासून इतकं हलकं वाटतंय की काल भाजीवाल्याशी घासाघीससुद्धा केली नाही. तू असतीस तर पहिला प्रश्न विचारला असतास, "ती काय म्हणाली?" सांगते, पण क्रमानं सांगू दे. तुला गोष्टीचा शेवट आधी सांगून मग ऐकणाऱ्याला ताटकळत ठेवायची सवय होती, आणि मी त्यावरून तुला किती बोलायचे. आता बघ, पहिल्याच ओळीत मीही तेच केलं.

तुम्ही दोघं वसई सोडून इकडं केजकडं आलात ती गोष्ट तुझ्या तोंडून इतक्यांदा ऐकलीय की त्या ट्रकमध्ये मीही होते असं वाटतं. बाबा धरणाच्या कामावर पंप दुरुस्त करायला म्हणून आले आणि इथली काळी माती बघून वेडे झाले. वसईची वाडी चार भावांत वाटल्यावर त्यांच्या वाट्याला जेवढी जमीन येणार होती, तेवढ्या जागेत इथली माणसं नुसती बैलं बांधत होती. आपला हिस्सा भावांना देऊन त्यांनी इथं ओढ्याकाठचं रान घेतलं. आणि तू, जिनं चर्चची घंटा ऐकू येणार नाही एवढ्या लांब कधी मुक्काम केला नव्हता, ती एक पत्र्याची पेटी, मरियामातेची तसबीर, ओल्या गोणपाटात गुंडाळलेले, लावायला घेतलेले केळीचे मुनवे आणि सुक्या बोंबलांची पाटी घेऊन ट्रकच्या हौद्यात बसलीस. तुमच्या आधी बोंबलांनीच गावात वर्दी दिली. ट्रक पारापाशी थांबला तेव्हा एक म्हातारा म्हणाला म्हणे, "माणसं बरी दिसतेत, पण मेलेलं जनावर कावून घिऊन आलेत?" हे सांगताना तू हसायचीस. पण त्या रात्री तू पाटीवर तीन गोधड्या टाकून झाकलीस आणि पुढं वर्षभर बोंबील भाजला नाहीस, हेही तूच सांगायचीस.

बाबांच्या बावखलाची गोष्ट मात्र ते जिवंत असेपर्यंत घरात काढायची नाही असा तुझा दंडक होता. आता ते नाहीत, तूही नाहीस, तेव्हा काढते. वसईत चार हात उकरलं की गोडं पाणी लागतं, प्रत्येक वाडीला आपलं बावखल, म्हणजे पाण्याचं छोटं तळं. बाबांना वाटलं जमीन म्हणजे जमीन. आल्या आल्या त्यांनी मधोमध बावखल खणायला घेतलं. आधी काळी माती, मग मुरूम, मग नुसता कातळ. बांधापलीकडच्या रानातले काका तीन दिवस मेंढरं चारता चारता बघत होते. चौथ्या दिवशी राहवेना तेव्हा जवळ येऊन हळूच म्हणाले, "कावून खंदायलाव, दादा? काय पुरलेलं हाय का?" निजामाच्या काळातलं सोनं वसईवाल्याला ठाऊक आहे अशी बातमी दोन दिवसांत गावभर झाली. सोनं निघालं नाही आणि पाणीही निघालं नाही. त्या खड्ड्यात पुढं काकांची कोकरं उन्हाची जाऊन बसायची. पण बांधाच्या दोन्ही बाजूंची माणसं बोलायला लागली ती तिथून, त्यामुळं बाबांची मेहनत अगदीच वाया गेली असं मी तरी म्हणणार नाही.

काकांची बायको ती मावशी. तुझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान, जिभेनं तिखट आणि हातानं मऊ. तुला ज्वारीची भाकरी थापायला तिनं शिकवली. तुझी पहिली भाकरी तव्यावर टाकताना मधून फाटली तेव्हा ती म्हणाली, "राहू दे, दोन झाल्या समज." तुझी बहीण इथं कोणी नव्हती म्हणून मी तिला मावशी म्हणायला लागले, की तूच म्हणायला लावलंस, हे मला आठवत नाही. फादर महिन्यातून एकदा मोटारसायकलवर यायचे, पावसाळ्यात तेही नाही. आपल्या पडवीत मिस्साची प्रार्थना व्हायची, आपण घरचे आणि धरणाच्या वसाहतीतली दोन कुटुंबं. मावशी उंबऱ्याच्या बाहेर पदर डोक्यावर घेऊन बसायची आणि संपल्यावर म्हणायची, "तुमच्या फादरबाबाची पोथी ग्वाड हाय, पन लई घाईत वाचतोय."

तीन गोष्टी मला लहानपणापासून कळल्या नव्हत्या. पहिली काट्याची. मी चार वर्षांची असेन. मोठा ताप येऊन गेला होता, अंबाजोगाईच्या दवाखान्यात कितीतरी दिवस राहून आपण घरी आलो होतो. कापूस वेचणीचे दिवस. मावशीच्या रानात लिंबाच्या फांदीला वेचलेला कापूस मोजायचा मोठा तराजू टांगलेला. मावशीनं मला उचलून एका पारड्यात बसवलं आणि म्हणाली, "बघू, माझ्या कापसाचं बोंड किती भरतंय." मी वर गेले, खाली आले, हसून हसून मला ठसका लागला. तू घरात होतीस. मावशी हसत नव्हती, हे मात्र मला स्पष्ट आठवतं. ती दुसऱ्या पारड्याकडं बघत होती, आणि तिचे ओठ हलत होते.

दुसरी गोष्ट तुझ्या चपराकीची. आयुष्यात तू मला एकदाच मारलंस. मी अकरा-बारा वर्षांची, मावशीचा बारक्या चार-पाचचा. जन्मला तेव्हा ओंजळीत मावेल एवढा होता म्हणून तो बारक्या, आणि आज शंभर किलोचा गडी झाला तरी बारक्याच. तो सारखा माझ्या मागं मागं. खेळता खेळता मी त्याला क्रुसाची खूण करायला शिकवली, कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा. त्याला ते इतकं आवडलं की तो "मोठीमाय, मोठीमाय" करत तुला दाखवायला स्वयंपाकघरात पळाला. तू चुलीपुढून उठलीस, त्याला काही बोलली नाहीस, बाहेर आलीस आणि माझ्या थोबाडीत मारलीस. पिठाचा हात होता. जेवणाआधी खूण विसरले तर डोळे वटारणारी तू, आणि तीच शिकवली म्हणून मारणारीही तूच! मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही. मनातल्या मनात तर त्याहून बराच काळ बोलले नाही.

तिसरी गोष्ट अशी की मिस्सात ख्रिस्तप्रसाद घ्यायला सगळे पुढं जायचे तेव्हा पुष्कळदा तू जागेवरून उठायचीच नाहीस. बाबांनी विचारलं की म्हणायचीस, "पोटात दुखतंय." मला खरंच वाटायचं की माझ्या मायला दर महिन्याला नेमकं मिस्साच्याच दिवशी पोटात दुखतं.

वीस वर्षांपूर्वी तू मला ते सांगितलंस तेव्हा यातल्या दोन गोष्टी सुटल्या. बारक्या झाला तो पोळ्याचा दिवस, गडीमाणसं बैलं घेऊन गावात गेलेली, ओढ्याला पाणी. मावशीला दिवस भरायच्या आधीच रानातल्या गवताच्या कोपीत कळा सुरू झाल्या. सुईण आली, मूल झालं, पण रडलं नाही, निळं पडलं. सुईण म्हणाली, "गेलं हे," आणि मावशीकडं वळली, कारण मावशीचंही खरं नव्हतं. ते पोर तिनं फडक्यात गुंडाळून तुझ्या हातात दिलं. आणि तुला लहानपणी शिकवलेलं आठवलं, मरणाच्या दारातल्या बाळाला फादर नसतील तर कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतं. तू कळशीतलं पाणी त्याच्या डोक्यावर तीनदा घातलंस, पित्याच्या, पुत्राच्या, पवित्र आत्म्याच्या नावानं. घाईत आपल्या वसईच्या, हरवलेलं शोधून देणाऱ्या त्या संताचं नावही दिलंस. आणि तिसऱ्या ओंजळीला पोर रडलं.

मेलं असतं तर ते तुझ्यात आणि देवात राहिलं असतं. जगलं म्हणून तू अडकलीस. फादरांनी तुला सांगितलं की तू केलंस ते त्या वेळी बरोबर होतं, पण त्याच्या आईबापाला सांगून टाक. ते तुझ्यानं झालं नाही. बारक्याच्या गळ्यात तुळशीची माळ आली, तो नारायणगडाच्या जत्रेला गावातून गाड्या न्यायला लागला, आणि तू मात्र एकीकडं देवाची चोर, दुसरीकडं मावशीची चोर, म्हणून ख्रिस्तप्रसादाला उठायचं धाडस होईना. मनगट धरून मला म्हणालीस, "तिचं लेकरू मी तिला न विचारता दुसऱ्याच्या नावावर करून ठेवलं. तू सांग तिला. माझ्यानं नाही झालं." मी हो म्हटलं. मरणाऱ्या माणसाला कोण नाही म्हणतं?

आणि मग मी वीस वर्षं गप्प बसले. तुला राग आला असेल तर ये, अजून एक चपराक मार. पण माझंही ऐक. तुम्हा दोघांना इथं कबरस्तान नव्हतं तर काकांनी आणि बारक्यानं आपल्याच रानात केळीच्या कडेला खड्डे खणले. आपलं रान बारक्या बटईनं करतो. मृतांच्या दिवशी मला बीडहून यायला उशीर झाला तर तो आधीच कबरी सारवून मेणबत्ती लावून बसलेला असतो. वसईत आता मला ओळखणारं कोणी नाही. मी गावी जाते म्हणजे मावशीच्या ओसरीवर जाते. आजकाल दिवस असे आलेत की अशा एका शब्दावरून माणसं आयुष्यभराचं बोलणं टाकतात. मी सांगितलं आणि मावशीनं दार लावून घेतलं तर मला गावच उरणार नव्हतं. दर दिवाळीला मी ठरवून जायचे आणि फराळ खाऊन परत यायचे.

या वर्षी मावशीच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. बारक्याचा फोन आला, "ताय, माय तुझी आठवन काढायलीय. म्हनती, नव्या डोळ्यानं बघू दे तिला." केजपर्यंत एसटीनं आणि पुढं जीपनं गेले. दुपारची वेळ होती, मावशी ओसरीवर काळा चष्मा लावून बसलेली, एखाद्या पुढाऱ्यासारखी. मला बघून म्हणाली, "अगं बया, लई म्हातारी झालीस की! आधीचेच डोळे बरे हुते." बारक्या आत चहा टाकायला गेला, आणि मी सांगितलं. सुरुवात कशी केली ते आत्ता नको. पोळा, कोपी, कळशी, तीन ओंजळी, संताचं नाव, सगळं सांगितलं. जमिनीकडं बघत होते. मान वर केली तर दारात बारक्या, हातात तीन कप.

त्यानं कप खाली ठेवले आणि अंगणातून बाहेर निघून गेला. माय, मी मनात पिशवी उचललीसुद्धा.

मावशी त्याच्याकडं बघत नव्हती. तिनं चष्मा काढला, पदरानं पुसला. "मी डोळे झाकून पडलेली हुते, मेलेली न्हवते," ती म्हणाली. "समदं दिसलं मला. तुज्या मायनं पानी घातलं, तोंडानं कायतरी म्हनली, अन् पोरगं रडलं. सुईनीनं तर गुंडाळून ठिवलं हुतं. त्यात कशाची आलीय चोरी?" नर्स म्हणून तीस वर्षं काढली मी, गार पाणी पडल्यावर अशी मुलं कधी कधी श्वास घेतात हे मला माहीत आहे. पण ते मी तिथं बोलले नाही, आणि तुलाही त्याचा काही उपयोग नाही.

"जन्मभर झुरली ती त्यावर," मी म्हटलं.

"मला इचारायचं की मग! बांधाला बांध हाय आपला." मावशी खरंच चिडली होती. मग आवाज खाली आणून म्हणाली, "आता माजंबी ऐक. पैली चोरी माजी हाय."

तर तो तराजू! दवाखान्यात माझं काही खरं नव्हतं तेव्हा मावशी नारायणगडाला नवस बोलली, पोरगी हसत घरी आली तर तिच्या वजनाचा गूळ वाटीन. मी आले. आता तुला सांगायचं कसं? तू तर तिला आधीच बजावून ठेवलं होतंस की आमच्यात नवस चालत नाही. म्हणून तिनं मला खेळवायचं निमित्त करून पारड्यात बसवलं आणि दुसऱ्या पारड्यात गुळाच्या ढेपा ठेवल्या. माहेरी भावाचं लग्न ठरलं असं सांगून तो गूळ गावभर वाटला. "तुज्या मायलाबी मोठा खडा दिला. देवाचा परसाद हाय म्हनून सांगितलं न्हाई. फसवून खाऊ घातलं. लई लागलं मनाला."

आणि तू त्या गुळाचं काय केलंस, माय? नाताळ जवळ आला होता. त्या वर्षीच्या नाताळच्या करंज्या गुळाच्या झाल्या होत्या, घरात साखर नव्हती म्हणून, हे मला तुझ्याच तोंडून माहीत आहे. माझ्या नवसाचा गूळ तू येशूच्या वाढदिवसाला घातलास आणि ताटलीभर करंज्या मावशीलाच नेऊन दिल्यास. हे मी सांगितलं तेव्हा मावशी इतकी हसली की डॉक्टरनं डोळ्यांवर ताण द्यायचा नाही म्हणून बजावल्याची मला तिला आठवण करून द्यावी लागली. मीही हसले. मग आम्ही दोघीही रडलो, ते वेगळं.

बारक्या परत आला. मी त्याच्या चेहऱ्याकडं बघायची हिंमत करेपर्यंत तो माझ्यासमोर उकिडवा बसला होता, गार चहाचा कप हातात. "वासरू सुटलं हुतं," तो म्हणाला. एवढंच. गोठ्याकडं गेला होता! मग कप संपवून त्यानं विचारलं, "म्हंजे ताय, मी मोठीमायच्या हातच्या करंज्या फुकट न्हाई खाल्ल्या. हक्कानं खाल्ल्या."

"राग नाही आला?"

"आला की. मोठीमाय असताना कावून न्हाई सांगितलं? तिच्या पाया पडलो असतो." त्यानं गळ्यातल्या माळेवरून हात फिरवला, सवयीनं. "नाव काय ठिवलं हुतं म्हनली?" मी नाव सांगितलं, आणि तो संत हरवलेलं शोधून देतो हेही. बारक्यानं जरा विचार केला. "मग मागल्या साली हरवलेली शेळी कावून घावली न्हाई?"

मावशीच्या नवसातला एक भाग राहिला होता, मला गडावर पायावर घालायचं. इतकी वर्षं तिला ते बोलता आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी बारक्यानं जीप काढली आणि आम्ही तिघं नारायणगडाला जाऊन आलो. मावशीनं माझ्या मानेवर हात ठेवून मला वाकवलं, चार वर्षांच्या पोरीला वाकवावं तसं. तिथं काय म्हणायचं ते मला येत नव्हतं, म्हणून मी सवयीनं 'नमो मरिये' म्हटलं. कोणाची हरकत दिसली नाही. येताना आम्ही आपल्या रानात उतरलो. बारक्यानं गडावरच्या नारळाचा एक तुकडा तुझ्या कबरीवर ठेवला, एक बाबांच्या, आणि म्हणाला, "मोठीमाय, फिटलं."

हे पत्र कुठं टाकायचं ते मला माहीत आहे, पण तिथं पोस्टमन जात नाही. घडी करून तुझ्या प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवीन, मेणबत्तीचे डाग पडलेल्या पानांत.

वर टाळलं होतं ते लिहिते आणि थांबते. सुरुवात मी अशी केली: "मावशी, माय शेवटी शेवटी तापात काहीतरी बरळायची, त्यात खरं किती कोण जाणे." तुला ताप नव्हता. तीन दिवस राहिले होते तरी तुझं डोकं माझ्यापेक्षा ठिकाणावर होतं. पण मला मागं पळायला वाट हवी होती, म्हणून वीस वर्षांनी तोंड उघडलं ते तुला खोटी पाडायला. मावशीनं मला पुढं बोलूच दिलं नाही. काळ्या चष्म्याआडून म्हणाली, "तुजी माय बरळनारी बाई न्हवती. नीट सांग."

मग मी नीट सांगितलं.